फाटकाबाहेरून शाळा कळत नाही

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जफेडीचा विषय संपला आणि शाळेचा निघाला. एक ताई म्हणाली, "मी जूनमध्ये पोरीला वाडीच्या शाळेतून काढणार आणि रस्त्याकडेच्या शाळेत घालणार." का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तिथं भिंती रंगवल्यात, मोठा टीव्ही आहे, पोरंही भरपूर." लगेच आणखी तिघी म्हणाल्या, मग आमचीही तिकडेच.

आमचं गाव शहराच्या कडेला आहे. प्लॉटिंग झालं, भाडेकरू आले, तशी रस्त्याकडेची शाळा भरत गेली आणि वाडीची रिकामी होत गेली. दोन्ही शाळा जिल्हा परिषदेच्याच. फी नाही, पुस्तकं तीच. मग फरक कशात आहे? हे मी त्या चौघींना विचारलं, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

माझा मुलगा दुसरीपर्यंत वाडीच्या शाळेत होता. 26 मुलं, दोन शिक्षक. मला वाटलं, एवढ्याशा शाळेत पोराचं काय होणार? तिसरीला मोठ्या शाळेत घातला. तिथं एका वर्गात 44 मुलं. जुलैत वर्गाच्या बाईंची बदली झाली, जागा दिवाळीपर्यंत भरली नाही, आणि तिसरी-चौथी एकत्र बसवली. फेब्रुवारीत मी त्याला किराण्याची यादी वाचायला दिली, तर जोडाक्षर आलं की तो थांबायचा. वर्षभर मी रंगवलेली भिंतच बघत होते, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून आज, दोन सरकारी शाळांची तुलना कशी करायची, ते सांगते.

पहिली गोष्ट शिक्षकांची. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्यात पहिली ते पाचवीसाठी प्रमाण दिलं आहे. 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार, 121 ते 200 ला पाच. पण शाळेत गेल्यावर "शिक्षक किती?" एवढंच विचारून थांबू नका. तीन प्रश्न विचारा. मंजूर जागा किती? भरलेल्या किती? आणि आज वर्गावर किती आहेत? कुणी प्रशिक्षणाला, कुणी दुसऱ्या कामाला, कुणाची बदली. कागदावरचे पाच आणि वर्गातले तीन, यात मुलाचं अख्खं वर्ष जातं. लहान शाळेतही बघा. दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात, तेव्हा एका इयत्तेला शिकवताना दुसरी काय करते? ती मुलं गटात काही करत बसली असतील तर ठीक. नुसती फळ्यावरचं उतरवून घेत असतील तर विचार करा.

दुसरी गोष्ट वाचनाची. ही सगळ्यात महत्त्वाची आणि बिनखर्चाची. मुख्याध्यापकांना विचारून तिसरी-चौथीच्या दोन-चार मुलांना दुसरीच्या पुस्तकातला धडा वाचायला सांगा. अक्षर येतं का, शब्द येतो का, उतारा सलग वाचता येतो का, आणि वाचून झाल्यावर गोष्ट काय होती ते सांगता येतं का? मग हातच्याची एक वजाबाकी घाला. 'असर' नावाचं सर्वेक्षण 2005 पासून देशभर गावोगावी मुलांच्या घरी जाऊन साधारण हेच तपासतं. केंद्र सरकारने 2021 मध्ये 'निपुण भारत' सुरू केलं, त्याचं ध्येयही हेच, की तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि साधा हिशेब यावा. एक काळजी घ्या. वर्गातली हुशार मुलं पुढे केली जातात, म्हणून मागच्या बाकावरचं मूल तुम्ही निवडा. आणि त्याला येत नसेल तर हसू नका, रागवू नका.

तिसरी गोष्ट पाणी आणि शौचालय. मुलींचं वेगळं शौचालय आहे का, हे कायद्यातच आहे. पण त्याला कुलूप आहे का, आत पाणी आहे का, कडी लागते का, हे आपणच बघायचं. पाचवीच्या पुढच्या मुलीच्या शाळेसाठी मी हे सगळ्यात आधी बघते.

चौथी गोष्ट पोषण आहार. आपल्यातल्या कितीतरी जणी हाच आहार शिजवतात, त्यांना मी काय सांगू? पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम ठरलेलं आहे. दुपारच्या सुट्टीत जा. ताटात डाळ-भाजी दिसते का बघा, चव रजिस्टर मागा.

पाचवी गोष्ट अंतर. आपल्या राज्यात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. दूरची शाळा चांगली असेलही, पण मध्ये हायवे ओलांडायचा असेल, ओढा असेल, तर पावसाळ्यात मूल किती दिवस घरी राहील ते मोजा. पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस शाळा भरायला हवी. त्यातले आपल्या मुलाचे किती बुडतील?

या सगळ्याची थोडी माहिती फोनवरही मिळते. प्रत्येक शाळेला 11 अंकी यूडायस क्रमांक असतो, आपल्या राज्यातला 27 ने सुरू होतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेचा पट, शिक्षक, खोल्या दिसतात. पण ही माहिती शाळाच भरते, म्हणून ती बघून जा आणि डोळ्यांनी पडताळा.

आता शाळा बदलायचीच ठरली, तर घाबरू नका. कायद्याच्या कलम 5 प्रमाणे मूल एका सरकारी शाळेतून दुसऱ्या सरकारी शाळेत जाऊ शकतं. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही.

पण त्याआधी एक थांबा. शिक्षकांच्या जागा पटावर ठरतात, त्यालाच संचमान्यता म्हणतात. चार मुलं गेली की लहान शाळेची एक जागा धोक्यात येते, आणि मागे राहतात ती ज्यांच्या आईला मूल दूर सोडायला वेळ नाही अशांची. म्हणून सोडण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीत बोला. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती बनवते. तिथं आपण सह्या करून घरी येतो, हे आपलंच चुकतं. रिकाम्या जागेबद्दल, बंद शौचालयाबद्दल ठराव घ्या, प्रत केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या.

आमच्या चौघींचं काय झालं? आम्ही परवानगी घेऊन दोन्ही शाळा बघितल्या. वाडीच्या शाळेत चौथीची पाचही मुलं धडा घडाघडा वाचत होती, पण नळाला पाणी नव्हतं. मोठ्या शाळेत पाणी होतं, यंदा शिक्षकही पूर्ण होते, मात्र तिसरीत निम्मी मुलं शब्दावर अडत होती. तिघींनी मुलं वाडीतच ठेवली आणि नळासाठी समितीत ठराव घेतला. चौथीची पोरगी पाचवीत जाणार होती आणि वाडीची शाळा चौथीपर्यंतच, म्हणून ती मोठ्या शाळेत जाईल. तिचंही बरोबर आहे. नळ अजून आलेला नाही. येत्या सोमवारी आम्ही पंचायत समितीत जाणार आहोत.

मैत्रिणींनो, जूनची शाळा जूनमध्ये ठरवू नका. शाळा भरलेली असते तोवर, मार्चच्या आत, दोघी-तिघी मिळून जा. मुख्याध्यापकांना आधी सांगा, वहीवर लिहून आणा आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवा.