अर्धा तास द्या, ॲसिड नको

बाथरूमचं दार उघडण्याआधी मावशींनी पदर नाकावरून घेतला, मानेमागे गाठ मारली, एक मोठा श्वास भरून घेतला आणि आत गेल्या. मी शेजारच्या घरी सहज बसायला गेले होते. घर जाणतं आणि वाचणारं आहे. ओट्यावरच्या भांड्यांच्या साबणावर हिरव्या पानाचं चित्र आहे, बाळाच्या कपड्यांना वेगळं सौम्य लिक्विड आहे, भाज्या धुवायला आणखी एक बाटली आहे. बाथरूमला मात्र दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेलं ॲसिड. बाटलीवर लेबल नाही, आत किती तीव्रतेचं काय आहे ते कळायला मार्ग नाही. दोन मिनिटांत मावशी बाहेर आल्या, खिडकीशी उभं राहून खोकल्या, डोळे पुसले आणि पुन्हा आत गेल्या.

तो खोकला माझ्या डोक्यातून जाईना. शहरातल्या घरांनी पर्यावरणाला न दुखवता साफसफाई कशी करावी, याबद्दल मी बरंच वाचलं होतं. नदीचं काय होतं, मासे कसे मरतात, प्लास्टिकच्या बाटल्या कुठे जातात, हे सगळं त्यात होतं. बाटली हातात धरणाऱ्या बाईबद्दल फार थोडं होतं. म्हणून मावशींनाच विचारलं, "तुमच्याबरोबर कामावर येऊ का?" त्या म्हणाल्या, "या की. पण नुसत्या बघत बसू नका, एखादं फडकं घ्या हातात."

मावशींकडे कोथरूड-कर्वेनगर भागातली पाच घरं आहेत. केर-फरशी, धुणी-भांडी आणि आठवड्यातून एकदा संडास-बाथरूम. भांडी त्या इतक्या सराईतपणे उरकतात की सांगण्यासारखं काही उरत नाही. खरी झुंज बाथरूमच्या फरशीशी आणि नळांशी असते. पुण्याच्या अनेक सोसायट्यांना वर्षातले काही महिने बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरावं लागतं. त्या जड पाण्यातला क्षार नळाच्या तोंडाशी, बादलीच्या कडेला, फरशीच्या सांध्यांत पांढरा थर धरून बसतो. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. साबणाने तो हलत नाही, त्याला आम्लच लागतं. इथपर्यंत ॲसिडवाल्याचं म्हणणं बरोबर आहे.

प्रश्न कुठलं आम्ल हा आहे. संडास साफ करायला सर्रास वापरलं जातं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते क्षारावर पडलं की लगेच फसफसतं, वाफ उठते आणि डाग जातो. पण सिमेंटमध्येही कॅल्शियमच असतं. मावशींनी एका घरातली फरशी बोटाने दाखवली. दोन टाइल्समधला सांधा इतका खोल गेला होता की त्यांचं नख आत शिरत होतं. "ह्या फटी ॲसिडनं खाल्ल्यात. आता मळ आत जाऊन बसतो, वरनं घासून निघत नाही. मग बाई म्हणतात, अजून ॲसिड टाका." नळांवरचा चकचकीत मुलामाही असाच उडालेला होता. ॲसिडने घर स्वच्छ होतं आणि त्याच ॲसिडने ते पुढच्या वेळी अधिक लवकर मळण्याजोगं होतं.

मग मी त्यांचे हात पाहिले. नखांच्या कडेने कातडी चिरलेली, अंगठ्याच्या पेरावर उभ्या भेगा. रात्री तेल-हळद लावतात. "सकाळी कणीक मळताना मीठ झोंबतं," एवढंच म्हणाल्या. मोजे का वापरत नाही, असं विचारलं. एका घरातून मिळाले होते, मापाने मोठे होते, ओलं भांडं हातातून निसटायला लागलं म्हणून ठेवून दिले. कारखान्यात ॲसिड हाताळणाऱ्या कामगाराला हातमोजे आणि चष्मा द्यावा लागतो. आपल्या घरात तेच काम करणाऱ्या बाईला काय द्यायचं, हे मालकिणीच्या मर्जीवर असतं. ॲसिड हल्ल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली खुल्या विक्रीवर बंधनं घातली. विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, ओळखपत्र पाहावं. दारावर येणारा विक्रेता यातलं काहीही विचारत नाही.

तिसऱ्या घरात एक आजी एकट्या राहतात. तिथे मावशींनी पदर नाकाला लावला नाही. आल्या आल्या त्यांनी लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड विरघळवलं. हे म्हणजे लिंबाचं सत्त्व. दिसायला साखरेसारखं, पुण्यात रविवार पेठेत सुट्टं मिळतं. जुन्या सुती साडीची फडकी त्या पाण्यात बुडवली, नळांना घट्ट गुंडाळली, दोन फडकी फरशीच्या पांढऱ्या पट्ट्यावर पसरली आणि त्या भांडी घासायला निघून गेल्या. भांडी, केर, फरशी झाली. मग परत येऊन त्यांनी फडकं सोडलं, ब्रशने दोन-चार हात मारले आणि पाणी ओतलं. नळ लख्ख निघाला. खोकला नाही, वाफ नाही.

मी कौतुक केलं तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, वस्तू कुठली का असंना, तिला अर्धा तास पायजे. तो कुणी देत नाही. सकाळच्याला सगळ्यांना आंघोळीची घाई. बाथरूम रिकामं मिळतं ते दहा मिनिटं. दहा मिनिटांत फक्त ॲसिडच काम करतं."

सगळ्या लेखांत, सगळ्या सल्ल्यांत मला न सापडलेली गोष्ट त्यांच्या या बोलण्यात होती. सौम्य पदार्थ काम करतात, पण त्यांना वेळ लागतो. तो वेळ दिला नाही तर उरलेलं काम मनगटाने करावं लागतं. घरमालकाने ॲसिड बंद करून लिंबू आणि खाण्याचा सोडा आणून ठेवला आणि वेळ तेवढाच ठेवला, तर नदीचा भार थोडा हलका होतो आणि मावशींच्या खांद्यावरचा वाढतो. याला मी पर्यावरणस्नेही म्हणणार नाही.

एका सोसायटीच्या गच्चीवर बायोएन्झाइम तयार होतं असं कळलं, म्हणून तिथेही गेले. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर ते काम बघतात. गूळ, फळांच्या साली आणि पाणी, प्रमाण एक-तीन-दहा. ही पद्धत थायलंडमधून जगभर पसरली. प्लास्टिकच्या डब्यांत मोसंबी-संत्र्याच्या साली तरंगत होत्या. सरांनी एका डब्याचं झाकण जरासं सैल केलं, फुस्स करून वायू बाहेर आला आणि संत्र्याचा, थोडासा ताडीसारखा आंबूस वास पसरला. पहिला महिनाभर झाकण रोज सैल करावं लागतं, नाहीतर कार्बन डायऑक्साइडने डबा फुगतो. काचेची बाटली तर वापरूच नये. तीन महिन्यांनी गाळून घेतलं की तपकिरी रंगाचं आंबट पाणी मिळतं.

सर प्रामाणिक माणूस आहेत. त्यांनी सरळ सांगितलं, "याला जादू समजू नका. गुळाचं आधी मद्य होतं, मग व्हिनेगर. सालीतलं थोडं तेल उतरतं, त्याने चिकटा सुटायला मदत होते. फरशी पुसायला, सिंकला छान आहे. पण घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या, तर संडास निर्जंतुक करायला यावर विसंबू नका. आणि नदीत ओतून नदी साफ होते म्हणतात, ते तर मुळीच पटत नाही. त्यात साखर आहे, सेंद्रिय मळ आहे. ते कुजवायला नदीचाच प्राणवायू खर्च होणार." घरात नुसत्या सालींचं काही करायचं असेल तर हा उपाय उत्तम, साली कचऱ्यात जात नाहीत. पण मावशींच्या नळावरचा क्षार काढायला हे पाणी कमजोर पडतं. तिथे सायट्रिक ॲसिडच हवं, आणि अर्धा तास.

सरांनी आणखी दोन गोष्टी समजावल्या, त्या घरोघरी माहीत असायला हव्यात. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फेस आला की साफसफाई जोरात चालली आहे असं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि बऱ्याच अंशी खारट पाणी उरतं. दोन्ही कामाचे, पण वेगवेगळे. सोडा तेलकट ओट्याला, आम्ल क्षाराला. दुसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. संडासचं ॲसिड आणि कपड्यांचं ब्लीच एका वेळी कधीही वापरू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो माणसाला आडवा करू शकतो. मावशींना हे कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही ओतलं की जास्त स्वच्छ होतं, असंच त्यांच्या एका मालकिणीने त्यांना शिकवलं होतं.

आम्ल सौम्य असलं तरी सगळीकडे चालत नाही. संगमरवर, कोटा आणि जुन्या वाड्यांतली शहाबादी फरशी, हे तिन्ही चुन्याच्या कुळातले दगड. त्यांच्यावर लिंबू, व्हिनेगर, बायोएन्झाइम काहीही पडलं तरी चकाकी जाते. अशा फरशीला साधं पाणी आणि अगदी थोडा साबण पुरतो.

रिठ्याची गोष्ट मावशींनीच काढली. गावाकडे त्यांच्या आईच्या घरी रेशमी, लोकरी कपडे रिठ्याच्या पाण्यात निघत. दहा-बारा रिठे रात्री भिजवायचे, सकाळी उकळून कुस्करायचे, गाळून घ्यायचं. रिठ्याच्या सालीतल्या सॅपोनिनमुळे फेस येतो. रेशमाला, दागिन्यांना, हलक्या मळाला याच्यासारखं दुसरं नाही. पण ते पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, आणि कढईच्या जळक्या तेलापुढे त्याचं काही चालत नाही. वनस्पतीचं म्हणजे निरुपद्रवी, हेही खरं नाही. रिठा पाण्यात कालवून मासे गुंगवून पकडण्याची जुनी रीत आहे. म्हणजे तोही बेतानेच वापरायचा.

'हर्बल', 'नॅचरल', 'ग्रीन' असे शब्द बाटलीवर छापणं सोपं आहे. पर्यावरणाबाबत खोटे किंवा संदिग्ध दावे करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ साली मार्गदर्शक तत्त्वं काढली. दावा करायचा तर पुरावा द्या, असं त्यांचं सार आहे. त्याच्या खूप आधी, १९९१ साली, सरकारने मातीच्या मडक्याचं चिन्ह असलेली 'इकोमार्क' योजना आणली. साबण आणि डिटर्जंट त्यात होते. दुकानात बाटल्या उलटसुलट करून पाहा, मडकं शोधूनही सापडत नाही. म्हणून लेबलपेक्षा मात्रेकडे लक्ष द्यावं. मावशी भांड्यांचं लिक्विड वाटीभर पाण्यात अर्धा चमचा घालून वापरतात आणि भांडी तितकीच स्वच्छ निघतात. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त, हा समज सोडला तर खर्चही वाचतो. आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिले आहेत. कारखान्यांच्या सांडपाण्याबरोबर घराघरांतलं सांडपाणीही त्या नदीत जातं.

पण मला पुन्हा मावशींच्या खोकल्याकडे यायचं आहे. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहा हजारांहून अधिक माणसांची फुफ्फुसं त्यांनी दोन दशकांच्या काळात पुन्हा पुन्हा तपासली. सफाईचं काम करणाऱ्या स्त्रियांची, आणि स्वतःच्या घराची सफाई करणाऱ्या स्त्रियांचीही, फुफ्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटलेली आढळली. सफाई कामगार स्त्रियांमधली घट अनेक वर्षं रोज पाकीटभर सिगारेट ओढण्याशी तुलना करावी इतकी होती. ही युरोपातली माणसं, तिथल्या घरांतली. आपल्याकडे बाथरूम चार बाय सहाचं, झरोका हातभर आणि दिवसाला पाच घरं. मावशींनी कधी सिगारेट ओढलेली नाही.

महाराष्ट्राने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली केला. नोंदणी आणि मदतीची सोय त्यात आहे, आणि ती लढून मिळवलेली आहे. पण मावशींच्या हातात कुठली बाटली द्यायची, हे कायदा ठरवत नाही. ते आपण ठरवतो. घरातला पर्यावरणाचा विचार नदीपासून सुरू करण्याआधी बाथरूममधल्या हवेपासून सुरू करायला हवा, कारण ती हवा सगळ्यात आधी मावशींच्या छातीत जाते.

त्यासाठी फार काही लागत नाही. सायट्रिक ॲसिड, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, साधा साबण, जुन्या सुती कापडाची फडकी, एक चांगला ब्रश आणि मावशींच्या मापाचे हातमोजे, एवढ्यात बहुतेक घरांची सफाई भागते. ब्लीच आजारपणापुरतं, पातळ करून, खिडकी उघडी ठेवून. दारावरचं बिनलेबलचं ॲसिड आजपासून बंद.

आणि राहिला तो अर्धा तास. तो मावशींनी द्यायचा नाही, आपण द्यायचा. आठवड्यातल्या एका दिवशी त्या येण्याच्या अर्धा तास आधी आपल्या हाताने सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात फडकी भिजवा, नळांना गुंडाळा, फरशीवर पसरा आणि त्या वेळात बाथरूम रिकामं ठेवा. मावशी आल्या की त्यांना फक्त ब्रश फिरवून पाणी ओतावं लागेल. एवढं या रविवारीच सुरू करा.