काळ्या मातीतला संडासाचा पाइप

जालन्यात घर बांधताय? मग मैल्याच्या ११० मिमी पाइपाचा ढाळ स्वतः मोजा. दर मीटरला साधारण अडीच सेंटीमीटर ठेवा. कमी ठेवला तर घाण साचते. फार तीव्र ठेवला तर पाणी पुढे पळतं, मैला मागे राहतो.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि चांगला दिलेला ढाळही बिघडवते. म्हणून पाइपाखाली, भोवती वाळू भराच. वळणावर ९० अंशांचा एक बेंड नको, ४५ अंशांचे दोन लावा. व्हेंट पाइप गच्चीच्या वर न्या. तो नसला तर ट्रॅपमधलं, म्हणजे भांड्याखालच्या वळणातलं, वास अडवणारं पाणी ओढलं जातं आणि घरात वास येतो.

माती लोटण्याआधी पाणी भरून गळती तपासा, प्लंबर घाई करत असला तरी.