पायच्या अंकांत सगळं काही सापडतं का?

१४ मार्चचा 'पाय दिवस' जवळ आला की मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. 'पाय' या संख्येचे दशांश चिन्हानंतरचे अंक कधी संपत नाहीत आणि एकाच साच्यात फिरतही नाहीत. म्हणून त्यांत तुमची जन्मतारीख आहे, मोबाइल नंबर आहे, मृत्यूची तारीख आहे आणि अक्षरांना क्रमांक दिले तर आजवर लिहिलेलं व पुढे लिहिलं जाणारं प्रत्येक पुस्तकही आहे. अकरावीतल्या एका वाचक विद्यार्थिनीने हा मजकूर पाठवून विचारलं आहे, "हे खरं आहे का? आणि खरं असेल तर ते कुणी सिद्ध केलं?" तिचा दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण सगळी मेख तिथेच आहे. हे आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही.

पाय अपरिमेय आहे, हे योहान लाम्बर्ट यांनी १७६१ साली दाखवलं. त्यातून एवढीच हमी मिळाली की अंक संपणार नाहीत आणि तोच तो गट कायमचा फिरून येत राहणार नाही. आता ०.१०१००१०००१००००१… ही संख्या पाहा. दर वेळी दोन एकांच्या मधली शून्यं एकाने वाढतात. हीसुद्धा न संपणारी, अनावर्ती, अपरिमेय संख्या आहे. पण तिच्यात २ हा अंक कधीच येणार नाही. ११ ही साधी जोडीसुद्धा येणार नाही. तेव्हा 'न संपणारे आणि अनावर्ती' एवढ्या भांडवलावर 'सगळं काही सापडेल' असा निष्कर्ष काढताच येत नाही. पायचे अंकही कुठेतरी फार पुढे जाऊन नुसत्या ० आणि १ वर येतील, असं कुणाही गणितज्ञाला वाटत नाही. पण तसं होणार नाही याची सिद्धताही कुणाजवळ नाही.

मजकुरातला दावा खरा ठरायला पायकडे याहून बराच मोठा गुण हवा. फ्रेंच गणितज्ञ एमील बोरेल यांनी १९०९ मध्ये 'नॉर्मल' संख्यांची कल्पना मांडली. ज्या संख्येच्या दशांश विस्तारात प्रत्येक अंक सरासरीने दहात एकदा, प्रत्येक दोन अंकी जोडी शंभरात एकदा, प्रत्येक तीन अंकी गट हजारात एकदा येतो आणि हे कितीही लांबीच्या गटासाठी खरं राहतं, ती नॉर्मल. अशा संख्येत कुठलाही गट सापडणारच, तोही अनंत वेळा. बोरेल यांनी त्याच लेखात एक थक्क करणारी गोष्ट सिद्ध केली. संख्यारेषेवरचा एखादा बिंदू डोळे मिटून उचलला, तर तो नॉर्मल असण्याची संभाव्यता पूर्ण १ आहे. जवळपास सगळ्याच संख्या नॉर्मल आहेत, आणि तरीही ओळखीची एखादी संख्या घेऊन ती नॉर्मल आहे असं सिद्ध करायला जावं, तर हात टेकावे लागतात. पाय, दोनचं वर्गमूळ, ई, एकही नाव त्या यादीत अजून चढलेलं नाही.

ज्यांची नावं चढली आहेत, त्या संख्या मुद्दाम बांधलेल्या आहेत. केंब्रिजमध्ये शिकत असलेल्या डेव्हिड चॅम्परनाऊन यांनी १९३३ मध्ये १ पासूनचे आकडे ओळीने लिहून ०.१२३४५६७८९१०१११२१३… ही संख्या तयार केली आणि ती नॉर्मल असल्याचं दाखवलं. हे गृहस्थ अॅलन ट्युरिंग यांचे मित्र. पुढे ते अर्थशास्त्रज्ञ म्हणून नावाजले.

इथवरची गोष्ट बहुतेक पुस्तकांत मिळते. जी सहसा मिळत नाही, ती मला आवर्जून सांगायची आहे. तिचे नायक आहेत सुब्बय्य शिवशंकरनारायण पिल्लै. १९०१ मध्ये तमिळनाडूत कुट्रालमजवळच्या वल्लम गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आई गेली, शाळा संपायच्या आत वडीलही गेले, आणि एका शिक्षकांच्या आधाराने हा मुलगा शिकला. पुढे अण्णामलै विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी संख्या सिद्धांतातल्या वेअरिंगच्या प्रश्नावर असं काम केलं की जगभर त्यांचं नाव झालं. त्याच काळात, १९३९-४० मध्ये, इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात नॉर्मल संख्यांवरचे त्यांचे छोटे लेख आले.

पिल्लै यांनी काय केलं, ते पायचेच अंक घेऊन पाहू. १४१५९२६५३५८९… बोरेल यांच्या मूळ व्याख्येत कसोटी फार कडक होती. आधी सुरुवातीपासून अंक मोजा, जोड्या मोजा, तिकड्या मोजा. मग पहिला अंक टाकून देऊन पुन्हा सगळं मोजा, मग पहिले दोन टाकून, मग तीन, असं कायम. पिल्लै यांनी दाखवलं की हे सरकणं अनावश्यक आहे. अंकांचे सुरुवातीपासून सरळ तुकडे पाडा: १४, १५, ९२, ६५, ३५, ८९. मग तीन-तीनचे: १४१, ५९२, ६५३, ५८९. मग चार-चारचे. प्रत्येक लांबीच्या तुकड्यांत सगळे शक्य गट समसमान वाट्याने येत असतील, तर ती संख्या नॉर्मल. एक घर सरकून पडणाऱ्या ४१, ५९, २६ या जोड्यांची वेगळी तपासणी करायला नको. लांब तुकड्यांच्या हिशेबात तीही आपोआप होऊन जाते. चॅम्परनाऊन यांच्या संख्येचीही सोपी सिद्धता पिल्लै यांनी दिली. नॉर्मल संख्यांवरच्या आजच्या लेखांत ही व्याख्या सर्रास येते, पण ज्यांच्यामुळे ती इतकी सुटसुटीत झाली त्यांचं नाव आपल्याकडच्या किती विद्यार्थ्यांना माहीत असतं?

१९५० मध्ये पिल्लै यांना प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीचं एक वर्षासाठी बोलावणं आलं. हार्वर्डला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेलाही ते हजर राहणार होते. मुंबईहून न्यूयॉर्ककडे निघालेलं टीडब्ल्यूएचं ते विमान ३१ ऑगस्टला कैरोजवळ कोसळलं. विमानातल्या ५५ जणांपैकी कुणीही वाचलं नाही. पिल्लै तेव्हा ४९ वर्षांचे होते. चंडीगडच्या आराखड्यावर काम करणारे वास्तुरचनाकार मातेई नोवित्स्की हेही त्याच विमानात होते. चंडीगडच्या इतिहासात हा अपघात आवर्जून येतो. गणिताच्या वर्गात मात्र त्याचा उल्लेख सहसा कानावर पडत नाही.

पायकडे परत येऊ. पाय नॉर्मल असावी असं गणितज्ञांना का वाटतं? कारण आजवर काढलेले अंक तसेच वागतात. पहिल्या हजार दशांश स्थळांत ० येतो ९३ वेळा, १ येतो ११६ वेळा, ७ येतो ९५ वेळा. एकोणिसाव्या शतकात याच सातने एक शंका उभी केली होती. इंग्लंडमधल्या विल्यम शँक्स यांनी हाताने आकडेमोड करून ६०७ स्थळं काढली, आणि आपल्या मदुरैत जन्मलेल्या ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या लक्षात आलं की त्यांत ७ फक्त ४४ वेळा आहे, अपेक्षा साठेकांची असताना. पुढे शँक्स ७०७ स्थळांपर्यंत गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डी. एफ. फर्ग्युसन यांनी नव्याने हिशेब केला, तेव्हा उघड झालं की शँक्स यांचे अंक ५२८ व्या स्थळापासून चुकलेले आहेत. पुढची सगळी मेहनत वाया गेली होती.

आज संगणक आहेत. २०२२ मध्ये एमा हारुका इवाओ यांनी गूगलच्या यंत्रांवर १०० लाख कोटी अंक काढले, आणि तो विक्रमही नंतर मागे पडला. पण शितावरून भाताची परीक्षा अनंताच्या बाबतीत चालत नाही. जॉर्ज पोल्या यांनी १९१९ मध्ये मूळ अवयवांबद्दल एक अंदाज मांडला होता. तो ९० कोटींपर्यंत प्रत्येक संख्येला बरोबर उतरतो आणि ९०,६१,५०,२५७ या संख्येला मोडतो. पायचे लाखो कोटी अंक आपल्याला विश्वास देतात, सिद्धता देत नाहीत.

समजा, उद्या ती सिद्धता मिळाली. तरीही 'पाय म्हणजे विश्वाचं ग्रंथालय' ही कल्पना मला पटत नाही. डच गणितज्ञ ब्राउवर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विचारलं होतं की पायमध्ये ०१२३४५६७८९ हा क्रम येतो का. तेव्हा उत्तर मिळण्याची आशाच नव्हती. १९९७ मध्ये टोकियोच्या यासुमासा कानादा यांच्या गटाला तो सापडला, १,७३८ कोटींच्या पुढच्या एका स्थळी. म्हणजे शोधायचा क्रम दहा अंकी आणि त्याचं ठिकाण सांगणारा आकडा अकरा अंकी. हा योगायोग नव्हे. दहा अंकी मोबाइल नंबर पायच्या पहिल्या हजार कोटी अंकांत असण्याची शक्यता ६३ टक्क्यांच्या आसपास निघते, तेव्हा त्याचा पत्ताही साधारण तेवढाच लांब असणार. दोन लाख अक्षरांचं पुस्तक घ्या आणि दर अक्षराला दोन अंक द्या. ते पायमध्ये कुठे आहे, हे सांगणारा आकडाच सुमारे चार लाख अंकी होईल. मग तो आकडा जपून ठेवण्यापेक्षा पुस्तकच ठेवलेलं बरं. शिवाय तिथवर पोचायला १ वर चार लाख शून्यं इतके अंक काढावे लागतील. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या १ वर ८० शून्यांच्या घरात आहे. आणि त्याच पुस्तकाची, एकेक अक्षर चुकलेली प्रत्येक प्रतही पायमध्ये असणार. मृत्यूच्या तारखेचंही तेच. सगळ्याच तारखा असतील, तर आपली कोणती ते कळणार कसं?

तेव्हा विचारणाऱ्या विद्यार्थिनीला उत्तर असं: पायमध्ये प्रत्येक क्रम असावा असं बहुतेक गणितज्ञांना वाटतं, मलाही वाटतं, पण ते सिद्ध झालेलं नाही. ७ हा अंक पायमध्ये अनंत वेळा येतो की एका टप्प्यानंतर यायचा कायमचा थांबतो, एवढ्याशा प्रश्नाचंही सिद्ध केलेलं उत्तर आज जगात कुणाकडे नाही.