रश्शातली अफू

आज शेरलॉक होम्सच्या साथीदारावर, वॉटसनवर लिहायचं कबूल केलं होतं, पण त्याला थांबावं लागणार. नाशिकच्या एका वाचकांनी आपली रहस्यकथा पाठवलीय आणि सोबत विचारलंय, ‘दुवा वाचकासमोर ठेवायचा, पण त्याच्या डोळ्यांत भरू द्यायचा नाही, हे जमवायचं कसं?’ माझ्या इतक्या आवडीचा प्रश्न कुणी विचारल्यावर गप्प बसणं अवघड.

त्यांच्या कथेत एका म्हाताऱ्या काकांचा खून होतो. परगावी राहणारा पुतण्या पोलिसांना सांगतो, ‘साडेसातला आम्ही दोघं एकत्र जेवलो, मग मी स्टेशनवर गेलो.’ त्या दिवशी असते संकष्टी. चंद्रोदयाआधी कधी घास न घेतलेला माणूस साडेसातला जेवेल कसा? दुवा झकास आहे. पण लेखकाने ‘त्या दिवशी संकष्टी होती’ या वाक्याचा स्वतंत्र परिच्छेद केलाय! मुरलेला वाचक तिथेच ओळखणार की पुढे हे उपयोगी पडणार.

आता कॉनन डॉइल काय करतो बघा. ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही होम्सकथा डिसेंबर 1892च्या ‘स्ट्रँड’ मासिकात आली. वाचली नसेल तर आधी वाचून या, कारण पुढे गुपित फुटणार आहे. या कथेतला रात्री न भुंकलेला कुत्रा सगळ्यांच्या तोंडी असतो. मला विचाराल तर त्याहून सरस दुवा आहे मटणाच्या रश्शाचा.

डार्टमूरच्या माळावरच्या तबेल्यातून शर्यतीचा घोडा नाहीसा होतो आणि त्याचा प्रशिक्षक स्ट्रेकर मेलेला सापडतो. त्या रात्री पहाऱ्यावरचा पोऱ्या गाढ झोपलेला होता, कारण मोलकरणीने नेऊन दिलेल्या त्याच्या रश्शात अफूची पूड होती. जेवण पोचायच्या वेळीच लंडनचा एक सट्टेबाज तबेल्याच्या खिडकीत डोकावून गेलेला. पोलीस त्यालाच धरतात, आणि आपणही मान डोलावतो.

इथे रस्सा उघड्यावर पडलेला आहे. लपवाछपवी काहीच नाही. पण ‘पोऱ्याला गुंगी कशी आली’ याचं उत्तर देऊन त्याने आपलं काम केलंय, त्यामुळे पुन्हा त्याच्याकडे बघावंसं वाटत नाही. होम्स बघतो. अफूची चव जिभेला कळते. साध्या जेवणात ती लपली नसती, मसालेदार रश्शात लपते. मग नेमका त्याच रात्री रस्सा व्हावा, हे लंडनहून आलेला उपरा माणूस कसं ठरवणार? ते घरातलंच कुणीतरी ठरवणार. शिवाय घरातल्या बाकीच्यांनी तोच रस्सा खाल्ला आणि कुणाला काही झालं नाही. म्हणजे अफू पडली ती पोऱ्याचं ताट वेगळं काढल्यावर. संशय सरळ स्ट्रेकरच्या स्वयंपाकघरात येतो.

गंमत म्हणजे घोड्यांच्या शर्यतींतलं डॉइलला फारसं कळत नव्हतं. शर्यतींना वाहिलेल्या एका पत्राने या कथेतल्या चुकांवरून त्याची सालटी काढली, हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात खुशीत सांगितलंय. तरी कथा टिकली. मैदानावर तो चुकला असेल, पण स्वयंपाकघरात चुकला नाही. म्हणून नवोदितांना माझं सांगणं असतं की विषांची जाडजूड पुस्तकं नंतर चाळा. दुवा आधी आपल्या घरात शोधा. नाशिककरांनी तो शोधलाय, फक्त त्याला काम दिलेलं नाही.

मी असतो तर संकष्टीचे दोन तुकडे केले असते. पहिला खुनाच्या महिनाभर आधीचा: काका शेजारच्या पोराला दर दहा मिनिटांनी गच्चीवर पिटाळताहेत, ‘उगवला का रे?’, आणि पोराची आई वैतागलीय. वाचक हसतो, काकांचा हेका त्याला कळतो. दुसरा खुनाच्या रात्री: इन्स्पेक्टरसाहेबांची जीप गणपतीच्या देवळासमोरच्या रांगेत अडकते आणि साहेब सगळ्या जगावर करवादतात. वाचक बघतो तो साहेबांचा तापट स्वभाव. संकष्टी हा शब्द कुठेच नको. दोन तुकड्यांमध्ये निदान आठ-दहा पानं जाऊ द्या, आणि पुतण्याचा जबाब त्याही नंतर, घाईघाईत उरकलेला.

मात्र साहेबांची ती चिडचिड टिपायला जीपमध्ये शेजारी कुणीतरी बसलेला हवा, डोळे उघडे असलेला आणि तरीही रांगेचा अर्थ न लागलेला. तोच आपला वॉटसन. पुढच्या आठवड्यात नक्की.