खताचा दाणा आणि पिकाचा घास

गोणी शेतात रिकामी झाली म्हणजे पिकाला खत मिळाले, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु मुळांना घन पदार्थ घेता येत नाही. जे मातीतील पाण्यात विरघळते तेच ती शोषून घेतात. म्हणून गोणीवरील टक्केवारीबरोबरच खताची विद्राव्यता आणि दाण्याचा आकार यांचाही विचार करावयास हवा, असे आम्हांस वाटते.

खत विरघळते ते पृष्ठभागावरून. 4 मिलिमीटर व्यासाच्या एका दाण्यापासून 1 मिलिमीटरचे 64 दाणे होतात. वजन तेवढेच राहते. पृष्ठभाग मात्र चौपट होतो. साहजिकच बारीक खत लवकर विरघळते. मग बारीक खत नेहमीच चांगले काय? तसे नाही.

कोकणातील जांभ्या, आम्लधर्मी मातीचेच उदाहरण घेऊ. सिंगल सुपर फॉस्फेटमधील स्फुरद मुख्यतः पाण्यात विरघळणारे असते. पण या मातीतील लोह व ॲल्युमिनिअम ते बांधून ठेवतात. पूड सर्वत्र मिसळल्यास मातीशी संपर्क वाढतो आणि स्फुरद अडकून पडते. त्याऐवजी दाणेदार खत मुळांजवळ ओळीत दिल्यास ते अधिक काळ पिकाच्या हाती राहते. रॉक फॉस्फेटची गोष्ट नेमकी उलट आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मातीतील आम्लच त्याला हळूहळू विरघळवते. म्हणून ते बारीक दळून मातीत नीट मिसळावे लागते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही.

युरियात 46 टक्के नत्र असते. म्हणजे 45 किलोच्या गोणीत ते सुमारे 20.7 किलो भरते. युरिया पाण्यात झटकन विरघळतो. भातखाचरात तो वरून फेकला तर काही नत्र अमोनिया होऊन हवेत जाते, काही पावसाच्या पाण्याबरोबर बांधाबाहेर वाहते. पुष्कळदा निम्मेही नत्र पिकाला लाभत नाही. यावर उपाय म्हणून चारसूत्री भात लागवडीत युरिया-डीएपीची सुमारे 2.7 ग्रॅम वजनाची गोळी वापरतात. लावणीच्या दिवशीच चार चुडांच्या मधोमध एक, अशी ती चिखलात खोल खोचली जाते. तेथे प्राणवायू नसल्याने नत्र अमोनियमच्या रूपात टिकते आणि मुळांना सावकाश मिळत राहते. मात्र पाणी भराभर जिरणाऱ्या रेताड जमिनीत हा लाभ मिळत नाही.

तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनो, दुकानात केवळ भाव विचारू नका. आधी मातीची तपासणी करून घ्या आणि आपल्या जमिनीला कोणते खत, कोणत्या आकाराचे व कोठे द्यावयाचे, हे कृषी सहायकांना विचारा. कष्टाचा पैसा ओहोळात वाहून जाण्यापेक्षा कणसात भरलेला बरा.