एमजीबी मोटारगाडीतील यांत्रिक दोष व त्यांचे निदान

एमजीबी ही इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली स्पोर्ट्स कार होय. उघड्या टपाच्या आणि बंद टपाच्या मिळून अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिच्या मुख्य प्रकारात १,७९८ घन सेंटीमीटर क्षमतेचे चार सिलिंडरांचे इंजिन असून बहुतेक गाड्यांना दोन एसयू कार्ब्युरेटर असतात. संगणकीय नियंत्रण नसल्यामुळे या गाडीतील बहुतेक दोष साध्या साधनांनी शोधता येतात. मात्र भिन्न दोषांची लक्षणे सारखीच दिसत असल्याने, भाग बदलण्यापूर्वी ठरावीक क्रमाने तपासणी करणे आवश्यक ठरते.

विद्युत जोडणी
१९६७ पूर्वीच्या गाड्यांत बॅटरीचे धन अग्र गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. त्यानंतर ऋण अग्र जोडण्यात येऊ लागले. अनेक जुन्या गाड्यांत ही जोडणी पुढे बदलण्यात आली आहे. त्यामुळे केवळ निर्मितीच्या वर्षावर विसंबून न राहता प्रत्यक्ष तार पाहावी लागते. बॅटरी उलट जोडल्यास अल्टरनेटर निकामी होतो. दिवे मंद होणे, स्टार्टर न फिरणे यांसारख्या तक्रारींचे कारण पुष्कळदा गंजलेल्या किंवा सैल जोडण्यांत असते.

इंजिन सुरू न होणे
स्टार्टर फिरत असूनही इंजिन सुरू होत नसल्यास प्रथम ठिणगी तपासतात. ही तपासणी पेट्रोलच्या वाफांपासून दूर करावी लागते. ठिणगी क्षीण असल्यास डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट व कंडेन्सर पाहतात. जुन्या डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटचे अंतर सुमारे ०.०१५ इंच, म्हणजे जवळजवळ ०.४ मि.मी. असावे लागते. पॉइंट झिजल्यास हे अंतर बिघडते व इंजिन अडखळते. हा दोष कार्ब्युरेटरचा आहे असा समज होऊन त्याची मांडणी विनाकारण बदलली जाते आणि मूळ दोषात दुसऱ्याची भर पडते.

ठिणगी योग्य असल्यास इंधनपुरवठा पाहतात. किल्ली फिरवल्यावर मूळ विद्युत पंपाची टकटक ऐकू येते व कार्ब्युरेटर भरल्यावर ती थांबते. टकटक मुळीच नसेल तर पंपाकडे वीज पोहोचत नसते किंवा त्यातील संपर्कबिंदू खराब झालेले असतात. ती थांबतच नसेल तर टाकी रिकामी असणे, नळीत हवा शिरणे किंवा कार्ब्युरेटरची झडप गळणे ही कारणे संभवतात.

इंजिन तापणे
पाण्याची कमी पातळी, अडकलेला थर्मोस्टॅट आणि गाळाने तुंबलेला रेडिएटर ही नेहमीची कारणे होत. पाणी वारंवार कमी होत असेल, धुराड्यातून पांढरी वाफ येत असेल किंवा तेल दुधाळ दिसत असेल, तर सिलिंडर हेडचे गॅस्केट फुटल्याची शक्यता असते. अशा स्थितीत गाडी चालवल्यास इंजिनाची मोठी हानी होऊ शकते. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते.

गिअर व क्लच
१९६७ पूर्वीच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसतो. त्यामुळे गाडी चालू असताना तो टाकल्यास होणारी खरखर हा बिघाड नसून रचनेचा परिणाम असतो. मात्र गाडी उभी असतानाही सर्वच गिअर खरखरत पडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नसल्याचा संशय घेतात. एमजीबीचा क्लच बदलण्यासाठी इंजिन बाहेर काढावे लागते. म्हणून त्याआधी क्लचच्या द्रवाची पातळी व स्लेव्ह सिलिंडरची गळती तपासणे फायद्याचे असते. अनेकदा दोष तेथेच सापडतो.

ब्रेक
पुढे डिस्क व मागे ड्रम अशी ब्रेकची रचना असते. सुरुवातीच्या गाड्यांत चारही चाकांना एकाच मार्गाने द्रवदाब मिळत असल्याने एका ठिकाणच्या गळतीने पायाचे सर्व ब्रेक निकामी होऊ शकतात. तारेने चालणारा हातब्रेक तेवढा उरतो. त्यामुळे पेडल मऊ लागल्यास किंवा द्रवाची पातळी अचानक घटल्यास केवळ द्रवाची भर घालून भागत नाही. गळती सापडून दुरुस्त होईपर्यंत गाडी उभी ठेवणे आवश्यक असते.