चरित्रपटाचा साचा आणि आपलं हसू

मागच्या खेपेला आपण हास्याबद्दल बोलत होतो. बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाचं १९०० सालचं ‘हास्य’ हे छोटं पुस्तक आपण पाहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपल्याला हसू येतं. आज त्याला एक उदाहरण देतो. काही जणांना ते वाह्यात वाटेल. तसं ते थोडं आहेही.

‘वॉक हार्ड : द ड्यूई कॉक्स स्टोरी’ हा २००७ सालचा अमेरिकन चित्रपट. दिग्दर्शक जेक कॅस्डन, आणि पटकथा त्याची व जड ॲपाटोची. ड्यूई कॉक्स नावाचा गायक कधी झालाच नाही. हे एका काल्पनिक माणसाचं चरित्र आहे आणि त्याआधी आलेल्या खऱ्या चरित्रपटांचं विडंबन आहे. रे चार्ल्सवरचा ‘रे’ २००४ मध्ये आला, जॉनी कॅशवरचा ‘वॉक द लाइन’ २००५ मध्ये. दोन्ही गाजले, दोन्हींना ऑस्कर मिळाली. ‘वॉक हार्ड’ मात्र तिकीटबारीवर पडला.

आता गंमत बघा. रे आणि जॉनी ही दोन अगदी वेगळी माणसं. एक कृष्णवर्णीय आणि अंध, दुसरा कापूस पिकवणाऱ्या गोऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. पण दोन्ही चित्रपटांचा सांगाडा एकच : लहानपणी भावाचा मृत्यू, अपराधाची टोचणी, गरिबी, अचानक यश, नशा, मोडलेला संसार, मग व्यसनमुक्ती आणि टाळ्या. ‘वॉक हार्ड’नं काय केलं? हाच सांगाडा उचलला आणि वरचं मांस काढून टाकलं.

चित्रपट सुरू होतो तेव्हा ड्यूई रंगमंचामागे मान खाली घालून उभा आहे. त्याला बोलवायला माणूस येतो, तर ढोलवादक सॅम सांगतो की थांबा, गाण्याआधी त्याला आपलं सगळं आयुष्य आठवावं लागतं. झालं, फ्लॅशबॅक सुरू! दोन भाऊ कोयत्यांनी खेळताहेत, एकाचे कमरेतून दोन तुकडे होतात, आणि तशा अवस्थेतही तो बराच वेळ बोलत राहतो. रे चार्ल्सची दृष्टी गेली होती, इथे ड्यूईची वास घेण्याची शक्ती जाते. बाप आयुष्यभर एकच म्हणत राहतो, की मेला तो नको होता, हा मेला असता तर चाललं असतं. चौदा वर्षांचा ड्यूई चाळिशी ओलांडलेल्या जॉन सी. रायलीनंच रंगवलाय. नशेचा प्रसंग येतो, तो पुन्हा पुन्हा येतो, आणि दर वेळी त्याच पद्धतीनं येतो. बर्गसाँचं यंत्र ते हेच.

इथे कुणीतरी विचारायला हवं, की भावाच्या मरणावर हसायचं? प्रश्न रास्त आहे. जॉनी कॅशचा थोरला भाऊ जॅक १९४४ मध्ये खरोखर करवतीच्या यंत्रावर गेला, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. रे चार्ल्सचा धाकटा भाऊ कपडे धुण्याच्या टबात बुडाला. त्या मुलांवर कुणी हसत नाही. हसू येतं ते त्यांच्या मरणाला लावलेल्या कामावर. एक मूल मेलं, ‘म्हणून’ दुसरं थोर गायक झालं, हा जो ‘म्हणून’ आहे ना, त्यावर. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात : कावळा बसायला आणि फांदी तुटायला. भाऊ गमावलेली मुलं जगात असंख्य आहेत, त्यातली गायक किती झाली?

आणि साचा निरुपद्रवी नसतो, तो तथ्यं वाकवतो. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आठवा, २०१८ चा. त्यात फ्रेडी मर्क्युरी १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमाआधीच साथीदारांना आपल्या एड्सबद्दल सांगतो. चरित्रकारांच्या मते निदान झालं १९८७ च्या सुमारास. पण शेवटच्या टाळ्यांआधी दुःख हवं, म्हणून तारीख सरकली. विडंबन येऊन अकरा वर्षं झाली होती, तरी यंत्र चालूच.

आता जरा घरचं सांगतो. मी निवृत्त झालो तेव्हा सत्कार झाला. एका वक्त्यानं माझं आयुष्य सांगितलं : वडील लवकर गेले, हालअपेष्टा सोसल्या, म्हणून हा मुलगा तत्त्वज्ञानाकडे वळला. सभागृह गहिवरलं. वस्तुस्थिती अशी, की अर्थशास्त्राचे तास दुपारी असायचे आणि दुपारी मी एका दुकानात हिशेब लिहायचो. तत्त्वज्ञानाचे तास सकाळी होते. दादा पहिल्या रांगेत बसला होता. भाषणात त्याच्या वाट्याला एक वाक्य आलं : थोरल्या भावानं शिक्षण सोडून याला शिकवलं. परत येताना रिक्षात तो मला म्हणाला, ‘‘अरे, मला शाळा आवडतच नव्हती.’’

हे खरं होतं, की मला ओझं वाटू नये म्हणून तो बोलला, ते मला कळलं नाही. विचारायचं राहिलं, आणि आता दादा नाही. पण त्या भाषणात या शंकेला जागाच नव्हती. तिथे दादा माझ्या यशाचं एक कारण होता, एवढंच. त्याचं स्वतःचं काही आयुष्य होतं, हे साच्यात बसत नव्हतं.

तेव्हा ‘वॉक हार्ड’ पाहिलात तर हसा, पण एक लक्षात ठेवा. त्यातली गाणी थट्टेची असूनही मन लावून केलेली आहेत, रायली ती स्वतः गायलाय, आणि शीर्षकगीताला गोल्डन ग्लोबचं नामांकनही मिळालं होतं. म्हणजे थट्टा संगीताची नाही. आयुष्याचा हिशेब चुटकीसरशी जुळवून देणाऱ्या गोष्टीची आहे.

पुढच्या वेळी भरतमुनींकडे जाऊ. शृंगाराच्या अनुकरणातून हास्य निर्माण होतं असं ते म्हणतात, ते का, ते पाहू. आज इथे थांबतो.